जुन्या वास्तूला टॉवर जोडायचा, तर पोटातून की शेजारी?

न्यूयॉर्कची हर्स्ट इमारत १९२८ची, सहा मजली. तिच्यावर मनोरा चढवायचं मुळातच ठरलं होतं, पण मंदी आली आणि काम थांबलं. २००६मध्ये वास्तुकार नॉर्मन फॉस्टर यांनी तो चढवला: ४६ मजले, त्रिकोणी पोलादी जाळीचे. ही जाळी नेहमीच्या सांगाड्यापेक्षा सुमारे २० टक्के कमी पोलाद घेते. दगडी दर्शनी भाग राखला, आतले मजले मात्र काढून टाकले. रस्त्यावरून भारदस्त वाटतं. आत गेलात की जुन्या भिंतींच्या मधोमध नवंकोरं, प्रचंड दालन.

मुंबईच्या ताजमध्ये उलट. १९०३चा महाल जागेवर राहिला आणि सत्तरच्या दशकात शेजारी टॉवर उभा राहिला. त्यासाठी बाजूचं जुनं ग्रीन्स हॉटेल पाडावं लागलं, ही किंमत लहान नाही. गेटवेपाशी उभं राहिलं की टॉवर डोळ्यांना खुपतो, हेही खरं. पण महालात शिरा आणि घुमटाखाली मान वर करा: तो अधांतरी जिना मजल्यामजल्यानं वर चढत जातो.

मला शेजारचाच पर्याय पटतो. हर्स्टचं पोट रिकामं करणं एक वेळ समजू शकतं, तिचा मनोरा मूळ आराखड्यातच होता. इतर वास्तूंना तो दाखला लावू नये.