मिड-इंजिन क्लासिकचं मागचं सस्पेन्शन: स्ट्रट, डबल विशबोन की रेडियस रॉड?

मिड-इंजिन गाडी, म्हणजे केबिनच्या मागे पण मागच्या एक्सलच्या पुढे इंजिन असलेली गाडी, स्वतः बांधायला घेतली की घोडं अडतं ते मागे. इंजिन, गिअरबॉक्स, ड्राइव्हशाफ्ट, एक्झॉस्ट अशी सगळी गर्दी तिथेच, आणि गाडीचं साधारण 60 टक्के वजनही तिथेच. वळणात अचानक अॅक्सिलरेटर सोडला की वजन पुढे सरकतं, मागची चाकं हलकी होतात. त्याच क्षणी बाहेरचं चाक अर्धा अंश जरी बाहेर वळलं तरी गाडी मागून निसटायला लागते. म्हणून पर्याय तोलताना माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: चाकाची दिशा, म्हणजे टो, कोण धरून ठेवणार आणि किती घट्ट? कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर झुकाव) आणि रोल सेंटर (वळणात बॉडी ज्या बिंदूभोवती झुकते तो) यांचा विचार त्यानंतर.

स्ट्रट

स्ट्रट म्हणजे स्प्रिंग आणि शॉक अॅब्सॉर्बर एकत्र असलेला उभा दांडा, जो चाकाला वरून धरतो. इंजिन आडवं, म्हणजे गाडीच्या रुंदीत, बसवणार असाल तर हा सर्वांत सरळ मार्ग. फ्रंट-व्हील-ड्राइव्ह गाडीचा पुढचा सबफ्रेम (इंजिन आणि सस्पेन्शन पेलणारा सांगाडा) इंजिन, गिअरबॉक्स, हब आणि स्ट्रटसकट उचलून मागे ठेवायचा. याला कमी लेखू नका. 1972ची फियाट एक्स1/9 आणि 1984ची टोयोटा एमआर2 या दोन्ही गाड्या मागे स्ट्रटवरच उभ्या आहेत आणि वळणांत त्या किती छान चालतात हे चालवणाऱ्यांना माहीत आहे.

अडचण येते स्टीअरिंग काढल्यावर. चाक वळवणारा टाय रॉड आता चाकाची दिशा धरून ठेवणारा टो लिंक होतो, आणि त्याचं आतलं टोक मूळ स्टीअरिंग रॅकच्या बॉल जॉइंटच्या जागीच यायला हवं. अनेकजण सोयीची जागा पाहून ब्रॅकेट मारतात, आणि मग प्रत्येक खड्ड्यात मागची चाकं आपोआप वळतात. 1984च्या पाँटियाक फिएरोतही पुढच्या चाकांचं तयार सस्पेन्शनच मागे घेतलं होतं. 1988मध्ये कंपनीने मागची रचना नव्याने केली.

दुसरी गोष्ट गाडी खाली बसवण्याची. खालचा आर्म आणि स्ट्रट यांच्यातला आतला कोन 90 अंशांपेक्षा कमी असेपर्यंत चाक वर जाताना वरून आत झुकतं. कोन 90च्या पुढे गेला की ते उलटं, बाहेर झुकायला लागतं. क्लासिक गाडी दिसायला छान म्हणून 50 मिमी खाली आणली आणि आर्मचे पॉइंट तसेच ठेवले, तर नेमकं हेच होतं. शिवाय स्ट्रटचा टॉवर उंच असतो. जुन्या गाडीच्या बसक्या मागच्या अंगात तो मावतो का, ते आधी पुठ्ठ्याचा साचा करून पाहा.

डबल विशबोन

इंजिन उभं, म्हणजे गाडीच्या लांबीत, गिअरबॉक्स त्याच्या मागे आणि चेसिस पाइपची, स्वतःची असेल तर माझं मत डबल विशबोनकडे, म्हणजे चाकाला वर-खाली धरणाऱ्या दोन त्रिकोणी आर्मकडे, झुकतं. 1966ची लॅम्बॉर्गिनी मिउरा आणि 1971ची डी टोमासो पँटेरा दोन्हींच्या मागे डबल विशबोनच होते. इथे कॅम्बर खरोखर आपल्या हातात असतो. दोन चाकांत 1400 मिमी अंतर आहे आणि बॉडी 3 अंश झुकली, तर बाहेरचं चाक बॉडीच्या तुलनेत सुमारे 37 मिमी वर जातं. दोन्ही विशबोनच्या रेषा आत वाढवून जिथे मिळतात तो बिंदू चाकापासून 1400 मिमी दूर ठेवला, तर त्या 3 अंशांतला दीड अंश परत मिळतो. बिंदू आणखी जवळ आणला तर जास्त मिळेल, पण वेग घेताना मागची बाजू बसली की दोन्ही चाकं आत झुकून टायरची पकड घटेल. दीड अंशावर मी समाधान मानतो.

किंमत मोजावी लागते ती ब्रॅकेटच्या ताकदीत. चाकावर स्प्रिंगवरचं वजन 260 किलो आणि गाडी स्प्रिंगवर सेकंदाला 1.6 वेळा (1.6 हर्ट्झ) वर-खाली व्हायला हवी असेल, तर चाकापाशी सुमारे 26 न्यूटन प्रति मिमीचा कडकपणा लागतो. स्ट्रट चाकाच्या हालचालीच्या 0.95 पट हलतो, म्हणून 29ची स्प्रिंग पुरते. विशबोनवर आत सरकवलेला शॉक 0.7 पटच हलत असेल तर 54ची लागते, कारण हे गुणोत्तर वर्गाने मोजलं जातं. तो सगळा जोर शॉकच्या बोल्टवर येतो.

टो लिंक एक्सलच्या मागे ठेवणार असाल तर तो विशबोनपेक्षा कडक हवा. मग वळणात विशबोनचे रबर बुश दबतात, बाहेरच्या चाकाचा पुढचा भाग आत येतो आणि गाडी स्थिर राहते. माझ्या पहिल्या फ्रेमवर टो लिंकचा बोल्ट एकाच पत्र्यातून घातला होता. पहारीने चाकाला रेटा दिला तर डोळ्यांना काही दिसलं नाही, पण डायल गेजचा काटा एक मिमी सरकला. लिंक चाकाच्या मध्यापासून 100 मिमीवर जोडलेला असेल तर एक मिमी म्हणजे अर्ध्या अंशाहून जास्त. तेव्हापासून बोल्ट दोन्ही बाजूंनी पकडलेला असल्याशिवाय मी गाडी जमिनीवर उतरवत नाही.

रेडियस रॉड

वर एक आडवा लिंक, खाली उलटा विशबोन (रुंद बाजू चाकाकडे), आणि पुढे केबिनच्या भिंतीपर्यंत जाणारे दोन लांब रॉड. 1964च्या फोर्ड जीटी40च्या मागे हेच होतं. त्या काळातल्या रेसिंग गाडीची प्रतिकृती करत असाल तर दुसरं काही शोभणार नाही. पण रॉड कमानीत फिरतो आणि चाकाला पुढे ओढतो. जमिनीला समांतर 600 मिमीचा रॉड, चाक 50 मिमी वर: ओढ 2 मिमी. खालचा आर्म 350 मिमीचा असेल तर ढोबळमानाने टो अंशाच्या एक तृतीयांशाने बदलतो. रॉड 400 मिमीवर आणला की तो अर्धा अंश होतो. रॉडला लांब जागा देता येत नसेल तर हा नाद सोडा. शिवाय इंजिनाचा आणि रस्त्याचा आवाज थेट पाठीमागच्या भिंतीत येतो.

लोटस युरोपासारखा ड्राइव्हशाफ्टलाच वरचा लिंक करण्याचा मार्ग हलक्या गाडीपुरता ठीक. ताकदवान इंजिन लावलं की बेअरिंगवर नको तो भार येतो. पोर्शे 914चे सेमी-ट्रेलिंग आर्म (पुढून तिरके मागे चाकाकडे जाणारे आर्म) बसवायला सोपे, पण टो आणि कॅम्बर एकमेकांना बांधलेले.

निवड काहीही केली तरी टो लिंकचा ब्रॅकेट आधी नुसता टॅक (वेल्डिंगचे छोटे ठिपके) मारून ठेवा. स्प्रिंग काढा, जॅकने चाक 10-10 मिमी वर-खाली करा आणि दरवेळी टो लिहा. वर एका दिशेने आणि खाली दुसऱ्या दिशेने बदलला तर लिंकच्या आतल्या टोकाची उंची चुकली आहे. वर-खाली दोन्हीकडे एकाच दिशेने बदलला तर लांबी चुकली आहे. आकडे जुळले की मगच पूर्ण वेल्डिंग करा.