फियाटची वायपर मोटर घरी दुरुस्त केली, त्यावर एक अख्खा पावसाळा काढला

आरसी बुकात प्रीमियर पद्मिनी लिहिलंय, पण आमच्या घरात ती फियाटच. १९७९ची, बाबांनी सेकंडहँड घेतलेली. मुलुंडहून सायनला आठवड्यातून दोन-तीनदा मी हीच गाडी नेते, पावसातसुद्धा. गेल्या वर्षी भांडुपला एलबीएस रोडवर ऐन पावसात वायपर काचेच्या मधोमध अडकले. खिडकीतून हात काढून पातं ढकलत ढकलत घरी आले. असं पुन्हा होऊ द्यायचं नाही, हे त्या रात्रीच ठरलं.

आधी नवीन मोटर आणून पाहिली. कुर्ल्याला सीएसटी रोडवरच्या एका दुकानात ‘याच गाडीची आहे’ म्हणून दिली. क्रँक (मोटरीने फिरणारा छोटा दांडा) कसाबसा बसला, पण बटण बंद केलं की वायपर काचेवर उभेच राहायचे. दुकानदाराने ती परत घेतली नाही. मग एप्रिलमध्ये जुनीच खोलायला घेतली, आणि आता ऑक्टोबरमध्ये लिहितेय.

कुणी हे काम काढणार असाल, तर मोटरीला हात लावण्याआधी तिचा क्रँक सोडवा आणि लिंकेज, म्हणजे मोटरीपासून वायपरपर्यंतच्या दांड्या, हाताने हलवून बघा. माझं लिंकेज दोन्ही हातांनी जोर लावल्याशिवाय हलत नव्हतं! वायपर ज्यांवर बसतात ते स्पिंडल स्टीलचे, त्यांची घरं अ‍ॅल्युमिनियमची. आपल्या खाऱ्या हवेत आत पांढरी भुकटी धरलेली आणि त्यावर वाळलेलं ग्रीस. दोन रात्री तेलात भिजवून, साफ करून, नवं ग्रीस भरल्यावर तेच लिंकेज एका बोटाने फिरायला लागलं. मग मल्टिमीटर लावला. बॅटरीवर १२.४ व्होल्ट, आणि मोटर चालू असताना तिच्या टर्मिनलवर १०.१. गंजलेल्या बॉडीतून अर्थ, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हची जोडणी, नीट मिळत नव्हता. मोटरीच्या बॉडीपासून थेट बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत वेगळी वायर टाकली, तेव्हा आकडा ११.७ वर गेला. इतकी वर्षं आम्ही ‘मोटर कमजोर झाली’ म्हणत होतो, त्यातला निम्मा दोष तिचा नव्हताच.

तरी मोटर उघडणं गरजेचं होतंच. गिअरच्या झाकणाचे स्क्रू काढले तर आतलं ग्रीस जुन्या मेणासारखं घट्ट, तपकिरी, आणि वर्मने (शाफ्टवरच्या स्क्रूसारख्या गिअरने) त्यात स्वतःपुरता बोगदा कोरलेला. म्हणजे दातांना ग्रीस लागतच नव्हतं. दात मात्र शाबूत निघाले. आर्मेचरला, म्हणजे मोटरीच्या फिरत्या भागाला, वीज देणारा कम्युटेटर काळा ठिक्कर, तांब्याच्या पट्ट्यांमधल्या खाचा कार्बनच्या पुडीने बुजलेल्या. माझ्या मोटरीत मॅग्नेट नाही, त्याचं काम करणारं तारेचं वेटोळं, म्हणजे फील्ड कॉइल आहे, त्यामुळे वायरींवर आधी खुणा करून फोटो काढून ठेवले. फील्डच्या वायरी उलट जोडल्या तर मोटर उलटी फिरते आणि वर्मचा रेटा भलत्याच बाजूला येतो.

आर्मेचर नाक्यावरच्या वायंडिंगवाल्या काकांकडे नेलं. मी नवीन वायंडिंग करायच्या तयारीने गेले होते. त्यांनी टेस्ट लॅम्पची एक पिन शाफ्टला टेकवली, दुसरी एकेका पट्टीवरून फिरवली. दिवा कुठेच लागला नाही. ‘ताई, वायंडिंग ओरिजिनल आहे, बॉडी शॉर्ट नाही. कशाला उगाच उकलायचं?’ त्यांनी लेथवर कम्युटेटरला हलकासा कट मारला आणि तुटक्या हॅक्सॉ ब्लेडच्या तुकड्याने एकेक खाच कोरून दिली. अर्धा तास त्या खाचांवरून त्यांची नजर हटली नाही. त्यांच्यामुळे आर्मेचर वाचलं, हे मनापासून सांगते.

शाफ्ट ज्यांत फिरतो ते बुश नागदेवीच्या बाजारात मिळाले. हे पितळी दिसणारे सच्छिद्र बुश इंजिन ऑइलमध्ये रात्रभर बुडवून मगच बसवायचे, कोरडे ठोकायचे नाहीत. ग्रीस लिथियमचं घेतलं आणि बेतानेच भरलं, कारण जास्तीचं ग्रीस कार्बनपर्यंत, म्हणजे कम्युटेटरला टेकणाऱ्या ब्रशांपर्यंत, पोचलं की मोटर गेलीच. शेवटी शाफ्टचा अ‍ॅडजस्टिंग स्क्रू टेकेपर्यंत आत नेऊन किंचित मागे घेतला, शाफ्टला जरासा खेळ राहायला हवा. सगळं मिळून खर्च १,९०० रुपये, मजुरीसकट.

पहिला महिना फार छान गेला. ओल्या काचेवर मिनिटाला ४० च्या वर फेऱ्या. पूर्वी २५ सुद्धा होत नसत. जुलैच्या संततधारेत विक्रोळीपासून सायनपर्यंत सलग चालले, मोटर हाताला कोमटच लागली.

ऑगस्टमध्ये मात्र जळका वास यायला लागला. उघडून पाहिलं तर कार्बन एका बाजूनेच झिजलेले. ही माझी चूक होती. मापाचे मिळेनात म्हणून मी मोठे कार्बन कानशीने घासून बसवले होते आणि ते होल्डरमध्ये डुगडुगत होते. मापाचे शोधायला दोन शनिवार गेले, पण ते बसवल्यावर ठिणग्या थांबल्या. सप्टेंबरमध्ये वायपर दोनदा खाली न बसता अर्ध्यावर थांबले. वायपर खाली आणून थांबवणाऱ्या पार्किंग स्विचचे पॉइंट काळे पडले होते. पॉलिश पेपर न लावता जाड कागदाची पट्टी पॉइंटमध्ये धरून ओढली, तेवढ्याने भागलं. स्पिंडलखालची रबरं तेवढी सुरुवातीलाच बदलायला हवी होती, पायाशी पाणी टपकायचं.

एक तक्रार अजून आहे. सिग्नलला उभं राहिलं आणि हेडलाइट चालू असले की वायपर मंदावतात. माझ्या गाडीत बॅटरी चार्ज करायला अजून जुन्या पद्धतीचा डायनॅमो आहे, तो आयडलिंगला पुरेसं चार्जिंग करत नाही. हेडलाइटना रिले लावून स्विचवरचा भार कमी केला, थोडा फरक पडला. अल्टरनेटर बसवा असं सगळे सांगतात. मला डायनॅमो काढायचा नाही.

कुर्ल्याला कोहिनूर सिटीवरून जाताना, इथेच प्रीमियरचा कारखाना होता, हे दर वेळी आठवतं. या पावसात तिथून जाताना वायपर एका लयीत चालत होते, आणि मला फार बरं वाटायचं. दिवाळीनंतर मोटर पुन्हा खाली उतरवणार आहे. नव्या कार्बनची लांबी बसवताना वहीत लिहून ठेवली होती, ती आता किती उरली ते मोजायचंय.