रिसॉर्ट वसाहतीतला समुद्रकाठचा व्हिला: पावसाळा आणि सीझन दोन्ही काढल्यावर

घेताना समोर दोन पर्याय होते. एक नव्या प्रकल्पातला कोरा करकरीत व्हिला, जिथे अजून रस्तेसुद्धा धड झाले नव्हते. दुसरा वीसेक वर्षांपूर्वीच वसलेल्या रिसॉर्ट भागातला, आधीच्या मालकाने वापरलेला. आम्ही दुसरा घेतला. आता पावसाळाही त्यात काढून झालाय, गर्दीचा सीझनही, आणि मधल्या काळात पाहुण्यांना भाड्याने देऊनही झालाय. म्हणजे मत द्यायला हरकत नाही.

वसलेल्या भागाचा सगळ्यात मोठा फायदा एजंट सांगत नाही, कारण तो त्यालाही सुचत नाही. तिथे शेजारी तुमच्याच घराच्या वयाची, त्याच बांधणीची, तोच खारा वारा खाल्लेली घरं उभी असतात. आपल्या घराचं पुढे काय होणार ते त्यांच्याकडे बघून कळतं. व्हिला दाखवायला सगळे तयार असतात, रंगरंगोटी करूनच दाखवतात. आम्ही शेजाऱ्यांच्या छज्ज्यांखाली माना वर करून फिरत होतो. छज्ज्याच्या खालच्या अंगाला तपकिरी ओघळ आणि सळईच्या रेषेत लांबट तडा दिसला, की समजायचं आत गंज लागलाय. समुद्राच्या हवेतलं क्लोराइड, म्हणजे मिठाचा अंश, हळूहळू काँक्रीटमधून सळईपर्यंत पोचतं. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो, मग काँक्रीट आतून फुगून सुटतं. वरून गिलावा आणि रंग मारला की हे वर्षभर झाकता येतं. छोट्या हातोडीने ठोकून बघा: धड काँक्रीट खणखणीत वाजतं, सुटलेलं बद्द.

स्विमिंग पूलच्या भोवतालचा स्लॅब आणि गच्ची या दोन जागांसाठी स्ट्रक्चरल इंजिनिअरला वेगळे पैसे द्यावे लागले तरी द्या. २०२१ मध्ये फ्लोरिडातल्या सर्फसाइड इथे किनाऱ्यावरची बारा मजली इमारत कोसळून ९८ माणसं गेली. तिथल्या स्विमिंग पूलभोवतालच्या स्लॅबखालचं वॉटरप्रूफिंग निकामी होऊन काँक्रीटची हानी झाल्याचं एका इंजिनिअरने २०१८ च्या अहवालातच लिहून ठेवलं होतं. व्हिला म्हणजे टॉवर नव्हे, मान्य, पण पाणी आणि सळई यांचं भांडण सगळीकडे सारखंच.

आता रोजच्या वापराचं. इथे धातूचं सामान फार लवकर म्हातारं होतं. दारांच्या बिजागऱ्या, रेलिंगचे बोल्ट, पडद्यांचे रॉड, सगळ्यावर चहा सांडल्यासारखे डाग पडू लागले. 'स्टेनलेस आहे' एवढं ऐकून समाधान मानू नका, ग्रेड विचारा. नेहमीचं ३०४ किनाऱ्यावर टिकत नाही, ३१६ लागतं. त्यात साधारण दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम हा धातू असतो आणि त्यामुळेच ते खारेपणापुढे जरा तग धरतं. तेही अधूनमधून गोड्या पाण्याने धुवावं लागतंच. आम्ही समुद्राकडच्या बाजूचं सगळं बदललं, मागच्या अंगणातलं जुनंच ठेवलं. मागचं अजून ठीक आहे. घराच्या भिंतीआड शंभर पावलं आत असलं तरी एवढा फरक पडतो.

एसी हा स्वतंत्र विषय आहे. बाहेरच्या युनिटमधले ॲल्युमिनियमचे पातळ पंख तांब्याच्या नळीला चिकटलेले असतात. मध्ये खारट दमटपणा आला की ॲल्युमिनियम झिजत जातं. हात लावला की पंखांचा अक्षरशः भुगा पडतो. नवीन घेताना कॉइलवर गंजरोधक लेप असलेलंच युनिट घ्या, आणि शक्यतो घराच्या आडोशाला, वाऱ्याच्या तोंडी नाही अशा जागी बसवा. आमचं एक युनिट ऐन सीझनमध्ये बंद पडलं. मेकॅनिकने झाकण उघडलं तर सर्किट बोर्डावर पाल चिकटून मेलेली, दोन टर्मिनल जोडून. तो हसलासुद्धा नाही, इतकं हे नेहमीचं. आता सगळ्या युनिटच्या फटींना बारीक जाळी आहे.

आणि मोठा एसी म्हणजे चांगला एसी, हे डोक्यातून काढून टाका. गरजेपेक्षा मोठा एसी खोली झटकन गार करतो आणि थांबतो. हवेतली ओल काढायला त्याला वेळच मिळत नाही. खोली गार पण ओलसर, गाद्या दमट, कपाटात बुरशी. आधीच्या मालकाने मास्टर बेडरूममध्ये असाच राक्षस बसवला होता. तो काढून लहान इन्व्हर्टर एसी लावला आणि कपाटांच्या दारांना वरखाली झरोके पाडले. आता आर्द्रता साठ टक्क्यांच्या खाली राहते आणि चामड्याच्या चपलांवर पांढरी लव येणं बंद झालं. घर बंद ठेवून जाताना एक डिह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल काढणारं यंत्र, चालू ठेवतो, त्याच्या पाण्याची नळी थेट मोरीत सोडून.

पूलबद्दल थोडक्यात. 'सॉल्टवॉटर पूल आहे, क्लोरीन नाही' असं सांगतात ते खरं नाही; त्यातलं यंत्र मिठापासून क्लोरीनच बनवतं. जोराचा पाऊस झाला की सगळं पातळ होतं. पीएच ७.२ ते ७.८ च्या मध्ये ठेवणारा माणूस रोज येत असेल तर बिनधास्त राहा.

कागदपत्रांकडे मात्र डोळ्यांत तेल घालून बघा, कारण वसलेल्या भागाची मेख इथे असते. परदेशात घेणार असाल तर थायलंडमध्ये परदेशी माणसाला साधारणपणे जमीन नावावर घेता येत नाही, घराच्या जमिनीची लीज, म्हणजे भाडेपट्टा, नोंदवून मिळते ती जास्तीत जास्त ३० वर्षांची. इंडोनेशियातही 'हक मिलिक' ही पूर्ण मालकी नागरिकांनाच. मेक्सिकोत किनाऱ्यापासून ५० किलोमीटरच्या पट्ट्यात परदेशी खरेदीदाराला घरासाठी बँकेच्या ट्रस्टमार्फत जावं लागतं. जुना व्हिला लीजवर घेताना तुम्ही उरलेली वर्षं विकत घेत असता, आणि भाव मात्र घराकडे बघून सांगितला जातो. 'पुढची तीस वर्षं आपोआप वाढतात' हे वाक्य कोणी टाकलं की आपल्या स्वतःच्या, म्हणजे विक्रेत्याने न सुचवलेल्या, वकिलाला विचारा की हे नोंदणीत आहे की नुसत्या करारात.

मेंटेनन्सचा आकडा सगळेच विचारतात. त्याऐवजी मालक संघाच्या मागच्या काही वर्षांच्या सभांची इतिवृत्तं मागा. सांडपाण्याचा प्लांट किती जुना, रस्त्याचं काम का अडलं, राखीव निधीत काय शिल्लक आहे, कोण थकबाकीदार आहे, सगळं त्यात असतं. आमच्या इतिवृत्तांत समोरच्या बीच क्लबच्या आवाजावरून झालेली भांडणं पानंच्या पानं होती. त्यामुळे तिथल्या गाण्यांचा बास, म्हणजे धडधडणारा खालचा सूर, मध्यरात्रीपर्यंत भिंतीतून येतो हे आम्हाला राहायला जायच्या आधीच ठाऊक होतं, आणि झोपायची खोली मागच्या बाजूला नेली.

भाड्याच्या उत्पन्नाचं म्हणाल तर सीझनमध्ये घर भरलेलं, पावसाळ्यात रिकामं. एजन्सीने दाखवलेला तक्ता वर्षभराची सरासरी दाखवत होता, पण तिचं कमिशन, धुलाई, वीज आणि पाहुणे गेल्यावरची दुरुस्ती वजा न करता. आमचा खर्च निघतो, कर्जाचा हप्ता निघाला नसता. 'हमखास परतावा' देणारी योजनाही समोर आली होती. तो परतावा किमतीतच आधी चढवलेला असतो, म्हणून आम्ही तिच्या वाटेला गेलो नाही. विमा घेताना एवढं तपासा की घर सलग किती दिवस रिकामं राहिलं तर संरक्षण कमी होतं, आणि समुद्राचं पाणी आत आलं तर ते त्यात धरलंय का.

समोरची वाळू पावसाळ्यात निम्मी गायब झाली, तेव्हा पाहुण्यांच्या तक्रारी आल्या. बहुतेक वाळू शांत समुद्रात परत येते. पण शेजारच्या हॉटेलने बांधलेल्या संरक्षक भिंतीपुढे ती तशी परतलेली नाही, कारण भिंतीवर आपटून लाट माघारी फिरते आणि पायथ्याची वाळू ओढून नेते. आता आमच्या संघातही तशीच भिंत बांधायचा प्रस्ताव आलाय. पुढच्या सभेत आम्ही विरोधात मत देणार आहोत.