दांडिया बाजारातील जुने घर की भायलीतील नवा फ्लॅट?

बडोद्यात घर शोधणाऱ्या मराठी कुटुंबापुढे हे दोन पर्याय हमखास येतात. फ्लॅटचे गणित सरळ आहे: गुजरातेत मुद्रांक शुल्क ४.९ टक्के आणि नोंदणी शुल्क १ टक्का (खरेदीदार स्त्री असल्यास नोंदणी शुल्क माफ) दोन्हीकडे सारखेच लागते. मात्र बांधकाम सुरू असलेल्या, परवडणाऱ्या श्रेणीबाहेरच्या फ्लॅटवर ५ टक्के जीएसटी अधिक भरावा लागतो, जो जुन्या घराला लागत नाही.

जुन्या घरात पैसा जमिनीत जातो, हा त्याचा खरा फायदा. पण तो मालकीहक्क निर्विवाद असेल तरच. चार भावांची नावे प्रॉपर्टी कार्डावर असतील आणि तळमजल्यावर जुना भाडेकरू असेल, तर स्वस्त किंमत ही सवलत नसून इशारा आहे. पाहणीच्या वेळी सागवानी तुळईचे भिंतीत शिरलेले टोक स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहावे. ते भुसभुशीत लागले, तर वाळवी किंवा ओल आत पोहोचली आहे आणि अंदाजपत्रक नव्याने मांडावे लागेल. चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवू नये, कारण ओल आतच कोंडते (गवंडी मात्र हटकून तेच सुचवतात).

विश्वामित्रीच्या २०१९ आणि २०२४ च्या पुरांनंतर पाण्याची पातळी शेजाऱ्यांना विचारणे दोन्हीकडे आवश्यक आहे. कागद स्वच्छ आणि दुरुस्तीसाठी रक्कम हाताशी असेल, तर मी दांडिया बाजारच निवडेन. कर्जाचा हप्ता आधीच ताणलेला असेल, तर भायली.