हिमाचलचा वसंतातील हवामान अंदाज: शिमला केंद्राची सेवा
मार्च-एप्रिलमध्ये मनालीला जाणाऱ्या मराठी पर्यटकांनी भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या शिमला केंद्राचे पत्रक आवर्जून वाचावे. भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी झंझावात या काळातही खाली पाऊस आणि उंचावर हिमवृष्टी घडवतात. मनालीत सरी कोसळत असताना ३,९७८ मीटर उंचीच्या रोहतांग खिंडीत बर्फ पडत असू शकतो, म्हणूनच मैदानी, मध्यम आणि उंच डोंगराळ भागांचा अंदाज वेगळा देण्याची या पत्रकाची पद्धत मला फार मोलाची वाटते. जिल्हावार रंगीत इशारेही सहज समजतात. मात्र कुल्लूसारख्या जिल्ह्यात दरी आणि हिमशिखरे एकत्र येतात, तेव्हा पाऊस कोणत्या उंचीपासून बर्फात बदलेल, हेही ठळकपणे सांगितले जावे, अशी माझी आग्रहाची मागणी आहे.