पॉलिश मारून आलेली 'सागवानी' पट्टी

ट्रॅव्हलर गाडीचा कॅम्पर, म्हणजे आत राहता-झोपता येईल अशी गाडी, करायचं काम. खिडक्यांच्या चौकटी, वरच्या कपाटांच्या कडा आणि छत-भिंतीचा सांधा झाकायला 24 पट्ट्या हव्या होत्या: प्रत्येकी 7 फूट, रंधा मारून 2 इंच रुंद, पाऊण इंच जाड. नाशिकच्या एका वखारीतून 'अस्सल सागवान' म्हणून त्या पॉलिशसकट आल्या. चूक तिथेच झाली. पट्टी नेहमी कच्ची मागवा.

पहिला हात मारला मापात. रुंदी इंचात, जाडी इंचात, लांबी फुटात. तिघांचा गुणाकार भागिले 144, की झाले घनफूट. तयार मापाने सगळ्या पट्ट्या 1.75 घनफूट होतात. रंध्याची घट धरून सव्वादोन बाय एक इंचाचा माल मोजला तर 2.63, एवढं मागणं रास्त. बिलात अडीच बाय सव्वा धरून 3.65 लावले होते. म्हणजे एक घनफूट साग नुसता कागदावर!

दुसरा हात लाकडात. थिनरच्या बोळ्याने रंग उतरला म्हणून माल खोटा ठरत नाही, खऱ्या सागावरही स्टेन, म्हणजे लाकडाचा रंग, मारतात. टोकाचा अर्धा इंच कापा आणि ताजं तोंड बघा. सागाचा गाभा आतपर्यंत सोनेरी-तपकिरी असतो, वाढीच्या वर्तुळांच्या रेषेवर मोठी छिद्रं ओळीने दिसतात, वास चामड्यासारखा येतो. इथे तपकिरी रंग जेमतेम सालपटाएवढा, आत सगळं पांढुरकं. सागच होता, पण सालीजवळचा. किडा आधी त्यालाच लागतो. दोन पट्ट्यांखाली पिवळं पीठ पडलंच.

तिसरी गोष्ट ओल. पिनांचा मॉइश्चर मीटर पॉलिशखाली नीट रोवता येत नाही, हाही पॉलिशचा फायदा, वखारीच्या बाजूने. आकडा 10 ते 12 टक्के हवा. कापलेल्या तोंडात तो 18 निघाला. 50 मिलिमीटरची पट्टी 18 वरून 10 वर आली की साधारण पाऊण मिलिमीटर आकसते. एप्रिलच्या उन्हात पत्र्याची गाडी तापली आणि चौकटींचे 45 अंशांचे सांधे उघडले.

बसवणंही त्यांच्याच माणसाचं. लॅमिनेटवर सुतारी पांढरा गोंद आणि बिनडोक्याचे चुके. लॅमिनेटला तो गोंद धरत नाही आणि चुके हादऱ्याने सैल होतात. कसारा घाटात दोन पट्ट्या खाली आल्या. तिथे पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट, म्हणजे सुकल्यावर रबरासारखा लवचिक राहणारा चिकट मसाला, आणि दर फुटाला स्टेनलेस स्क्रू लागतो, तोही आधी भोक पाडून, नाहीतर पट्टी चिरते.

तक्रार अडली ती बिलावरच. त्यात मालाचं वर्णन फक्त 'मोल्डिंग पट्टी, 24 नग' एवढंच होतं. लाकडाची जात, गाभ्याचं की सालीजवळचं, तयार माप, ओलीचा आकडा, काहीच नाही. ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार मांडतानाही हाच कागद कामी येतो. ॲडव्हान्स देण्याआधी या चार गोष्टी त्यावर लिहून घ्या. लिहायला नकार दिला तर वखार बदला.