आयरिश भाषेचा वर्ग आणि सोबतची संस्कृतीवरची सादरीकरणं : काही महिन्यांनंतरचा अनुभव

डब्लिनमध्ये आयरिश न येता आख्खं आयुष्य निघतं. त्यामुळे ती शिकणाऱ्या परदेशी माणसाला कारण स्वतःच शोधावं लागतं. मी गेल्या हिवाळ्यात संध्याकाळचा वर्ग लावला आणि त्याला जोडून होणारी आयरिश संस्कृतीवरची सादरीकरणंही ऐकत गेले. ज्या दिवशी त्या भाषेतला खरा आवाज किंवा खरा कागद समोर आला, त्या दिवशी माझी भाषा पुढे सरकली. एरवी नुसती माहिती वाढली.

सेंट पॅट्रिक डे या आयर्लंडच्या राष्ट्रीय सणाचं सादरीकरण म्हणजे मिरवणुकांचे फोटो; चुकवलं तरी चालेल. खेळांवरचं रंगलं. १८८४ मध्ये थर्ल्स गावात जीएए ही आयरिश देशी खेळांची संघटना स्थापन झाली तिथपासून तिच्या डब्लिनमधल्या क्रोक पार्क स्टेडियमपर्यंत सगळं आलं, पण तासाभरात आयरिशचं एक वाक्य कानावर पडलं नाही. भाषेच्या विद्यार्थ्यांसमोर हे मला खटकलं.

शान-नोस या पारंपरिक आयरिश गायनाची संध्याकाळ मात्र अजून कानात आहे. पश्चिमेकडच्या, अजून आयरिश बोलणाऱ्या कॉनेमारा भागातल्या गायिकेने एकही वाद्य साथीला न घेता गायलं, आणि ऐकणारे मधेमधे दाद देत होते, अगदी आपल्या बैठकीसारखी. आयरिशमध्ये बहुतेक व्यंजनांचे दोन उच्चार असतात, एक रुंद आणि एक निमुळता, म्हणजे ‘य’ची छटा असलेला. वर्गातल्या तक्त्यावरून ते समजतात, पण कानाला सवय होत नाही. गाण्यात तेच शब्द संथपणे आले आणि फरक ऐकू येऊ लागला. रुंद ‘त’ तर मराठी माणसाला आयताच मिळतो, जीभ दातांनाच लावायची. निमुळत्यासाठी मेहनत आहे.

सगळ्यात जास्त मिळालं ते शाळकरी मुलांच्या वह्यांवरच्या सादरीकरणातून. १९३७ ते १९३९ या काळात आयरिश लोकसाहित्य आयोगाने प्राथमिक शाळांच्या वरच्या वर्गांतल्या मुलांना सांगितलं, की घरच्या म्हाताऱ्यांना, शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारून लिहून आणा : घरगुती औषधं, पवित्र विहिरी, पुरलेलं धन, १८४५ नंतरच्या मोठ्या दुष्काळाच्या आठवणी. सुमारे ५० हजार मुलांनी लिहिलं. ही पानं आता ‘दूखस’ या संकेतस्थळावर मोफत वाचता येतात. बरीचशी इंग्रजीत आहेत, पण आयरिशमधलीही भरपूर आहेत. अक्षर जुन्या वळणाचं. आज व्यंजनापुढे ‘एच’ लिहितात, तिथे तेव्हा त्याच्या डोक्यावर टिंब देत. एकदा ते लक्षात आलं की पान उलगडतं. मुलांची वाक्यं छोटी आणि बोलण्यातली, त्यामुळे माझ्यासारखीलाही झेपतात. आमच्या पाठ्यपुस्तकातली माणसं कायम हॉटेलात जेवण मागवत असतात. इथे दात दुखला तर काय करायचं ते कळतं. मला भाषा शिकायचं कारण इथे सापडलं.

जनगणनेवरचं सादरीकरण जड गेलं, तरी ते चुकवू नका. २०२२ मध्ये जवळपास १८ लाख ७० हजार लोकांनी आयरिश बोलता येतं असं नोंदवलं. शाळा-कॉलेजाबाहेर ती रोज बोलणारे मात्र ७२ हजारांच्या आसपास. १८३१ पासूनच्या सरकारी शाळांतलं इंग्रजी शिक्षण, मग दुष्काळ आणि स्थलांतर, हा क्रम वक्त्यांनी शांतपणे मांडला.

नव्या विद्यार्थ्यांना सांगेन, वक्ता कुठल्या भागातला आहे ते आधी विचारून घ्या, त्या गावच्या वह्यांची दोन पानं वाचून जा आणि एक तरी प्रश्न आयरिशमध्ये विचारा. मोडक्या वाक्यालाही वक्ते थांबून, सावकाश आयरिशमध्येच उत्तर देतात.